एलसीटी ७०७४ : नाव नसलेल्या नौकेची सेवानोंद

मोठ्या युद्धनौकेचा इतिहास लिहायचा तर साधनांची वाण पडत नाही. जलावतरणाचा दिवस, कप्तानांची यादी, लॉगबुक, लढायांचे अहवाल, छायाचित्रे, सगळे कुठे ना कुठे जपलेले असते. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या ब्रिटिश नौकांच्या वाट्याला यातले जवळजवळ काहीच आले नाही. त्यांना नावेसुद्धा दिली नव्हती. एलसीटी, म्हणजे लँडिंग क्राफ्ट टँक, आणि पुढे एक आकडा. असल्या नौकेची सेवानोंद उभी करायची तर ती कुठून करायची, हा प्रश्न मला बरीच वर्षे खुणावत होता. त्यासाठी एलसीटी ७०७४ हे एकच प्रकरण घेतो. जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर झालेल्या नॉर्मंडीच्या चढाईत गेलेल्या ब्रिटिश एलसीटींपैकी शाबूत उरलेली ही शेवटची मानली जाते. शाबूत म्हणतोय खरे, पण मधली काही वर्षे ती पाण्याखाली होती. तो भाग पुढे येईल.

नौका आणि तिचे घराणे

१९४० च्या जूनमध्ये डंकर्कहून ब्रिटिश सैन्य परतले. माणसे आली, पण रणगाडे आणि तोफा फ्रान्समध्येच टाकून द्याव्या लागल्या. युरोपात पुन्हा पाय ठेवायचा तर रणगाडे थेट पुळणीवर उतरवणारी नौका हवी, असा आग्रह चर्चिल यांनी त्याच उन्हाळ्यात धरला. बंदरे शत्रूच्या हातात असणार, तेव्हा धक्क्याशिवायच काम भागले पाहिजे. नौदलाचे रचनाकार रोलंड बेकर यांनी अवघ्या तीन दिवसांत पहिला आराखडा काढला. तळ उथळ, पुढे पडणारा रॅम्प, मध्ये उघडी खोल जागा, आणि मागच्या टोकाला इंजिने, सुकाणूची खोली आणि खलाशांची राहण्याची जागा. दाभोळ-धोपावेच्या खाडीत किंवा मांडवीवर गाड्या नेणारी फेरीबोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना या नौकेचा आकार लगेच डोळ्यांपुढे येईल. फरक एवढाच की हिला खाडीऐवजी इंग्लिश खाडी ओलांडायची होती, आणि पलीकडच्या धक्क्यावर मशिनगनी होत्या.

या जातीची पहिली नौका १९४० च्या नोव्हेंबरात टाइन नदीवर हेबर्न इथल्या हॉथॉर्न लेस्ली यांच्या गोदीत पाण्यात उतरली. पुढे त्याच गोदीत १९४४ मध्ये ७०७४ बांधली गेली. आपल्या वाचकांना या गोदीची आणखी एक ओळख सांगता येईल. माउंटबॅटन यांची विनाशिका 'केली' इथलीच. ती १९४१ च्या मे महिन्यात क्रीटजवळ बुडाली. त्यानंतर काही महिन्यांतच माउंटबॅटन यांच्याकडे संयुक्त मोहिमांचे काम आले, आणि किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याच्या साधनांचा प्रश्न त्यांच्या टेबलावर येऊन पडला.

७०७४ ही मार्क ३ प्रकारची. मार्क २ नौका मध्येच कापल्यासारखी करून त्यात ३२ फुटांचा तुकडा वाढवला, आणि १९२ फूट लांबीची मार्क ३ तयार झाली. भारी रणगाडे असतील तर पाच, मध्यम असतील तर दहा-अकरा तिच्यात मावत. मार्क ३ च्या एकूण २३५ नौका झाल्या. यांतल्या पुष्कळशा जहाजबांधणीच्या गोद्यांत न बांधता पूल आणि लोखंडी सांगाडे करणाऱ्या कारखान्यांत बांधून घेतल्या, कारण गोद्या मोठ्या जहाजांत अडकलेल्या होत्या. रचनाच अशी ठेवली होती की सपाट पत्रे कापून, वेल्डिंग करून जोडता यावेत. गोलाई कमी, काम झटपट. या नौकांनी फार वर्षे टिकावे अशी कुणाची अपेक्षा नव्हती. काही चढायांपुरती टिकली तरी पैसे वसूल, असा हिशेब होता. ७०७४ अजून उभी आहे हे वाचताना हा हिशेब डोक्यात ठेवावा.

एका महिन्याची किंमत

नॉर्मंडीची चढाई मुळात मे १९४४ साठी ठरली होती. वर्षाच्या सुरुवातीला आयझेनहॉवर आणि मॉन्टगोमेरी या सेनानींनी आराखडा हातात घेतला तेव्हा तीन डिव्हिजनांनी किनारा घ्यायचा बेत त्यांना तोकडा वाटला. त्यांनी तो पाच डिव्हिजनांपर्यंत वाढवला. पाच डिव्हिजनांसाठी लागणाऱ्या उतरण-नौका मात्र हाताशी नव्हत्या. म्हणून चढाई एक महिना पुढे ढकलली, म्हणजे कारखान्यांना आणखी एका महिन्याचे उत्पादन पदरात टाकता येईल. १९४३-४४ च्या सगळ्या युद्धनीतीवर या नौकांच्या तुटवड्याची सावली पडलेली दिसते. इटलीतल्या मोहिमा, भूमध्य समुद्रातले बेत, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या रद्द झालेल्या योजना, जिकडे पाहावे तिकडे अडचण एकच, उतरण-नौका कमी.

७०७४ ही १९४४ च्या वसंतातली नौका, म्हणजे अगदी शेवटच्या खेपेतली. पत्र्याला लावलेला रंग वाळतो न वाळतो तोच तिला चढाईला जायचे होते. तिच्या सेवानोंदीतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट हीच. तिला सरावाची वर्षे मिळाली नाहीत, आधीच्या मोहिमा तिच्या नावावर नाहीत. गोदीतून निघाली ती काही आठवड्यांत फ्रान्सच्या किनाऱ्याला लागली.

तिचा ताबा जॉन बॅगट या विशीतल्या सब-लेफ्टनंटकडे होता. तो रॉयल नेव्हल व्हॉलंटिअर रिझर्व्हचा अधिकारी, म्हणजे युद्धापुरता नौदलात आलेला. एलसीटीवर साधारणपणे दोन अधिकारी आणि दहा खलाशी असत. या दहांत इंजिन सांभाळणारे आले, तोफेवरचे आले, संदेश पाठवणारा आला आणि स्वयंपाकही त्यांच्यातलाच कुणीतरी करायचा. त्यांच्यातले बहुतेक जण युद्धाआधी समुद्रावर गेलेलेच नव्हते. शेकडो टनांची नौका, आत रणगाडे आणि त्यांवरची माणसे, आणि हे सगळे अशा पोरसवद्या अधिकाऱ्याच्या हाती. हा काही ७०७४ पुरता अपवाद नव्हता. एलसीटींच्या ताफ्यांत जिकडेतिकडे हेच चित्र होते.

खाडी ओलांडताना

७०७४ ही १७ व्या एलसीटी फ्लोटिलाची, म्हणजे नौकांच्या तुकडीची. तिच्यावर चढले ते ७ व्या आर्मर्ड डिव्हिजनच्या २२ व्या ब्रिगेडचे रणगाडे, एकूण दहा. ही डिव्हिजन म्हणजे उत्तर आफ्रिकेत नाव कमावलेले 'डेझर्ट रॅट्स'. नॉर्मंडीला जाताना त्यांच्याकडे मुख्यतः क्रॉमवेल आणि हलके स्टुअर्ट रणगाडे होते. ब्रिगेडने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फेलिक्सस्टोला नौका गाठल्या. म्हणजे थेट समोरून खाडी ओलांडायची सोय नव्हती. आधी टेम्सचे मुख, मग डोव्हरची चिंचोळी सामुद्रधुनी, आणि त्यानंतर पश्चिमेकडे.

ही नौका समुद्रात कशी वागत असेल ते तिच्या तळावरून कळते. तळ सपाट आणि खाली कणा नाही म्हटल्यावर वारा बाजूने आला की ती खेकड्यासारखी तिरकी सरकणार. लाट आली की नाक वर जाते आणि मग सपाट पत्रा पाण्यावर आपटतो. तो धक्का सगळ्या नौकेत थरथरत मागेपर्यंत जातो. पहिल्या मार्क १ च्या चाचण्यांतच नोंद झाली होती की काही प्रकारच्या समुद्रात ही नौका आवरत नाही. वेग नऊ-दहा नॉट. चढाई ५ जूनला ठरली होती, पण हवामान बिघडले म्हणून ती एक दिवस लांबली. काही ताफे तोवर समुद्रात गेलेही होते, त्यांना मागे वळवावे लागले. ६ जूनलासुद्धा समुद्र शांत नव्हता. उघड्या डेकवर रणगाड्यांच्या कडेला जागा करून बसलेल्या सैनिकांचे उलट्या करून करून काय झाले असेल याची कल्पना करता येते. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर कोकण किनाऱ्यावर छोट्या बोटीतून गेलेल्यांना ती सहज येईल.

रात्री ताफ्यातल्या नौकांनी पुढच्या नौकेचा मिणमिणता मागचा दिवा धरून चालायचे. पाणसुरुंग काढून मोकळे केलेले मार्ग अरुंद होते, दोन्ही बाजूंना खुणेचे बोये. दिवा सुटला की मार्ग सुटला.

पुळणीवरचे काम

चढाईच्या किनाऱ्यांना सांकेतिक नावे होती. त्यातल्या गोल्ड किनाऱ्याला ७०७४ लागली ती ६ जूनची मध्यरात्र उलटून ७ जून लागल्यावर. म्हणजे कॅलेंडरप्रमाणे पाहिले तर तिचा 'डी-डे', म्हणजे चढाईचा पहिला दिवस, संपलेला होता. यामुळे तिचे महत्त्व कमी होते असे मला वाटत नाही. २२ व्या ब्रिगेडचे काम पहिल्या लाटेने घेतलेल्या किनाऱ्यावरून आत घुसण्याचे होते. ते रणगाडे उशिरा उतरले तर ५० व्या डिव्हिजनने दिवसभर लढून मिळवलेली जमीन आधाराशिवाय उघडी पडली असती. पहिल्या लाटेची छायाचित्रे आपण पाहतो. अंधारात भर घालत आलेल्या नौकांची छायाचित्रे नसतात, कारण अंधार होता.

एलसीटी किनाऱ्याला कशी लावायची, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण तिची सगळी रचना याच पंधरा-वीस मिनिटांसाठी होती. पुळण काही अंतरावर आली की नौकेच्या मागून नांगर सोडायचा. त्याची लोखंडी तार मागे उलगडत राहते. नौका तशीच पुढे जाऊन वाळूत नाक रुतवते. रॅम्प खाली पडतो. रणगाडे एकामागून एक गुडघा-कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून त्यांच्या फटी आधीच बुजवलेल्या असतात आणि धुराड्याला वर उंच नळकांडी लावलेली असते. एकेक रणगाडा उतरला की नौका हलकी होऊन वर उचलली जाते. सगळे उतरले की रॅम्प ओढून घ्यायचा, इंजिने उलटी फिरवायची आणि त्याच वेळी मागच्या नांगराची तार विंचवर गुंडाळत नौकेला स्वतःला मागे खेचायचे.

ऐकायला सरळ वाटते. पण नॉर्मंडीच्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक सहा-सात मीटरपर्यंत जातो आणि पुळणीचा उतार फारच सौम्य आहे. ओहोटी सुरू असताना थोडा जरी उशीर झाला तर पाणी पायाखालून निघून जाते, आणि नौका पुढच्या भरतीपर्यंत वाळूवर उघडी पडून राहते. त्यात जर्मनांनी पुळणीवर रोवलेले खांब आणि लोखंडी चौकटी, काहींवर सुरुंग. ६ जूनला वाऱ्याने भरतीचे पाणी अपेक्षेपेक्षा लवकर आत ढकलले आणि हे अडथळे साफ करायला इंजिनीअर पथकांना वेळ पुरला नाही. रात्री येणाऱ्या नौकांना उरलेले अडथळे, बुडालेल्या नौका आणि बंद पडलेली वाहने यांच्यातून वाट काढायची होती. ७०७४ ने तिचे दहा रणगाडे उतरवले.

पुढचे काम वाहतुकीचे. मोकळ्या झालेल्या नौकांना परत जाऊन पुन्हा भरून यायचे होते. किनाऱ्याजवळ उभ्या मोठ्या जहाजांवरून माल उतरवायला आणि इंग्लंडमधून वाहने आणायला एलसीटींचाच आधार होता. त्यात १९ ते २२ जूनचे वादळ आले. ओमाहा किनाऱ्यावरचे कृत्रिम बंदर मोडले, आणि शेकडो लहान नौका किनाऱ्यावर आपटून निकामी झाल्या. चढाईत तोफगोळ्यांनी झालेल्या नुकसानीची चर्चा अधिक होते, पण या वादळाने उतरण-नौकांची दैना तितकीच मोठी केली. नॉर्मंडीच्या मोहिमेत आठशेहून अधिक एलसीटी होत्या. त्यातून ज्या वाचल्या त्यात ७०७४ होती.

नोंद कुठून जमवायची

हे सगळे कळते कसे? प्रकरणाचा हा भाग मला सर्वांत आवडतो, आणि इतिहासाची हौस असलेल्या वाचकांना तो उपयोगीही पडेल.

एलसीटीचे स्वतःचे लॉगबुक मिळण्याची आशा धरू नये. लहान नौकांची बहुतेक लॉगबुके युद्धानंतर जपून ठेवली गेली नाहीत. उलट नौदल मुख्यालयाकडे 'ग्रीन लिस्ट' नावाची यादी निघत असे. उतरण-जहाजे आणि उतरण-नौका कोणत्या फ्लोटिलात आहेत, कुठल्या तळावर आहेत, दुरुस्तीत आहेत की कामावर, हे तिच्यात आकड्यांनिशी असते. नौकेचा आकडा माहीत असेल तर या यादीत तिला महिन्यामागून महिना शोधता येते. एखादी नौका यादीतून नाहीशी झाली की ती बुडाली, विकली गेली किंवा दुसऱ्या कामाला लावली, आणि मग ते शोधायचे.

दुसरे साधन भूदलाचे. चढाईसाठी 'लँडिंग टेबल' म्हणून प्रचंड तक्ते केले होते. कोणते पथक, किती वाहने, कोणत्या नौकेत, किती वाजता, किनाऱ्याच्या कोणत्या तुकड्यावर, हे सगळे अनुक्रमांकांसह त्यात असते. पण ते नियोजन. प्रत्यक्षात काय झाले हे उतरलेल्या पथकाच्या युद्धदैनंदिनीत सापडते. रेजिमेंटांनी ही दैनंदिनी नेमाने लिहिली आणि ती जपलीही गेली. म्हणजे नौकेने काय केले हे तिच्यातून उतरून गेलेल्यांच्या कागदांत शोधावे लागते.

तिसरे साधन माणसांचे. नौकेवरच्या अधिकाऱ्यांच्या आणि खलाशांच्या आठवणी, पत्रे, घरी राहिलेली छायाचित्रे. यात तारखा आणि वेळा सरमिसळ होतात, पण रॅम्प कुठे अडकला, कोण आजारी पडला, चहा कशावर उकळला, हे दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

माझे मत असे की या तिन्ही साधनांत पहिला मान पथकाच्या दैनंदिनीला द्यावा. नियोजनाच्या तक्त्यावरून लिहिलेल्या कितीतरी नोंदींत नौका वेळेवर पोचलेल्या दिसतात, कारण तक्त्यात उशीर नसतो. ७०७४ च्या बाबतीतही '६ जूनला उतरली' असे सरसकट लिहून टाकण्याचा मोह होतो. मध्यरात्रीनंतरची वेळ धरली की चित्र बदलते. रात्रीचा समुद्र, साफ न झालेली पुळण, किनाऱ्यावर दाटलेली वाहनांची गर्दी, हे सगळे त्यात शिरते.

पूर्वेचा बेत, आणि खडकवासला

युरोपातले युद्ध संपत आले तेव्हा नजर पूर्वेकडे वळली. १९४५ मध्ये ७०७४ मध्ये बदल करून तिला आणीबाणीच्या दुरुस्तीची नौका केले. किनाऱ्यालगत मोडलेल्या उतरण-नौका तिथल्या तिथे दुरुस्त करून पुन्हा कामाला लावायच्या, हा हेतू. नॉर्मंडीचा आणि जूनच्या वादळाचा धडा त्यामागे असावा असे मला वाटते. पण ती निघण्याआधी जपान शरण गेला.

इथे आपला संबंध येतो. हिंदी महासागरातल्या मोहिमांसाठी हीच विद्या शिकवण्याचे काम भारतात चालले होते, आणि त्यातले एक ठिकाण पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणाकाठी होते. तलावाच्या उत्तर काठावर 'एचएमएस अँगोस्टुरा' नावाचे नकली उतरण-जहाज बांधले होते आणि त्यावरून सैनिकांना पाण्यातून चढाई करायचा सराव देत. युद्धानंतर तिथे पडून असलेले हे केंद्र राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची जागा ठरवताना खडकवासल्याच्या बाजूने धरले गेलेल्या कारणांपैकी एक होते. सह्याद्रीच्या कुशीतल्या, समुद्रापासून लांब असलेल्या तलावात समुद्रावरच्या चढाईचा सराव झाला, हे पुण्यातल्याही फार थोड्यांना माहीत आहे. मालाडला मढ-मार्वेच्या वाटेवर असलेले आयएनएस हमला हे नौदलाचे केंद्रही मुळात लँडिंग क्राफ्टचेच. १९४३ मध्ये ते आधी दक्षिणेत मंडपमला उभे राहिले आणि मग मुंबईला आले. रॉयल इंडियन नेव्हीच्या लँडिंग क्राफ्ट विंगने ब्रह्मदेशातल्या अराकान किनाऱ्यावरच्या चढायांत भाग घेतला.

१९४५ च्या सप्टेंबरात मलायातल्या मोरिबच्या किनाऱ्यावर ठरलेली मोठी उतरण शरणागतीनंतरही पार पाडली गेली. प्रतिकार झाला नाही, तरीही कितीतरी वाहने मऊ वाळूत आणि चिखलात रुतून बसली. किनाऱ्यावर दुरुस्ती आणि ओढकाम करणाऱ्या नौकांची गरज किती खरी होती, हे त्या दिवसावरून कळते.

क्लब, चिखल आणि क्रेन

१९४८ मध्ये ७०७४ नौदलातून निवृत्त झाली आणि लिव्हरपूलच्या मास्टर मरिनर्स क्लबला दिली गेली. त्यांनी तिचे नाव 'लँडफॉल' ठेवले. तिला पहिले नाव मिळाले ते इथे. पुढे ती तरंगता क्लब झाली, मग नाइट क्लब. लिव्हरपूलच्या गोदीत पुढची काही दशके लोक तिच्यावर जेवायला, प्यायला, नाचायला येत. रणगाड्यांची ती उघडी, लांबरुंद जागा पाहिल्यावर नाचायची सोय कुठे झाली असेल हे वेगळे सांगायला नको.

लष्करी इतिहासाचे बहुतेक लेखक हा काळ एका ओळीत उरकतात, थोड्या संकोचाने. मला तो सेवानोंदीचा अविभाज्य भाग वाटतो. बाकीच्या एलसीटी कुठे गेल्या ते पाहावे. भंगारात गेल्या, बार्ज म्हणून झिजून गेल्या, वादळात फुटल्या. ७०७४ भंगारवाल्यापर्यंत गेली नाही, कारण तिच्यातून पैसे मिळत होते. जिच्यावर संध्याकाळी लोक येतात त्या नौकेचा गंज कुणीतरी खरवडतो, पत्रा बदलतो, रंग लावतो.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस ती वॉरशिप प्रिझर्व्हेशन ट्रस्टकडे आली आणि मर्सी नदीपलीकडे बर्कनहेडच्या गोदीत उभी राहिली. २००६ मध्ये ट्रस्ट बंद पडला. त्याच्या संग्रहाचे पुढे काय झाले ते वाचताना त्रास होतो. फॉकलंड युद्धात गेलेली एचएमएस प्लिमथ २०१४ मध्ये तुर्कस्तानात भंगारात गेली. त्याच युद्धातली ओनिक्स पाणबुडीही त्याच वर्षी मोडली गेली. जर्मन पाणबुडी यू-५३४ चे तुकडे करून मांडणी करावी लागली. राजपुत्र चार्ल्स यांनी कधीकाळी सांभाळलेली ब्रॉनिंग्टन ही पाणसुरुंग काढणारी नौका २०१६ मध्ये गोदीतच बुडाली. ७०७४ त्यांच्या आधीच, २०१० च्या आसपास, बांधलेल्या जागी पाण्यात गेली. लढाईत नाही, वादळात नाही, तर मालक नसल्यामुळे.

रॉयल नेव्हीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने तिला सोडले नाही. नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंडाकडून सुमारे नऊ लाख पौंड मिळाले आणि १६ ऑक्टोबर २०१४ रोजी तिला वर काढून तरंगते केले. मग अवजड मालवाहू जहाजावर घालून पोर्टस्मथला नेले. लॉटरीच्या निधीतून आणखी ४७ लाख पौंडांच्या आसपास आले, आणि दुरुस्ती झाली. २४ ऑगस्ट २०२० रोजी तिला पोर्टस्मथच्याच साउथसी किनाऱ्यावर, 'द डी-डे स्टोरी' या संग्रहालयाच्या दारात आणून ठेवले. तिथे आता छपराखाली ती पाहता येते, आत शिरता येते.

दुरुस्तीचा निर्णय असा की तिला १९४४ च्या रूपात आणायचे. क्लबच्या काळातली भर काढली गेली, वरची बांधणी पुन्हा मूळ धर्तीवर उभारली गेली. हा निर्णय मला समजतो. लोक तिथे चढाईची नौका पाहायला येतात, आणि इतका पैसा चढाईच्या नावावरच उभा राहतो. तरी क्लबचा एखादा कोपरा जागच्या जागी ठेवायला हवा होता असे मला आग्रहाने वाटते. ती चार वर्षे नौदलात होती आणि त्याच्या कितीतरी पट वर्षे लिव्हरपूलची होती.

दुसरी गोष्ट तिच्यावर ठेवलेल्या रणगाड्यांची. आत एक चर्चिल क्रोकोडाइल आणि एक ग्रिझली, म्हणजे कॅनडात बनलेला शेरमन, उभे आहेत. दोन्ही संग्रहालयाकडे होते आणि पाहणाऱ्याला एलसीटीचा हेतू एका दृष्टीत समजतो, म्हणून ते योग्यच. पण २२ व्या ब्रिगेडने नेले होते ते मुख्यतः क्रॉमवेल आणि स्टुअर्ट. आग ओकणारे क्रोकोडाइल वेगळ्या डिव्हिजनचे. सेवानोंद लिहिणाऱ्याने तिथले छायाचित्र पाहून '७०७४ ने चर्चिल उतरवले' असे लिहू नये. अशा चुका एकदा छापल्या गेल्या की पुढची पन्नास वर्षे निघत नाहीत.

आपल्या घरांतले आकडे

शेवटी एक विनंती. रॉयल इंडियन नेव्हीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या आणि सगळ्या कोकणपट्टीतल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गेली. त्यातली काही लँडिंग क्राफ्ट विंगमध्ये होती. आजोबा-पणजोबांची सेवापत्रे, जुने फोटो, पदकांच्या डब्या अजून कुणाकुणाच्या ट्रंकेत असतील. फोटोत नौकेच्या बाजूवर रंगवलेला आकडा दिसतो का ते भिंगाने पाहावे. एलसीटी, किंवा एलसीएम आणि एलसीए या लहान उतरण-नौकांच्या अक्षरांनंतरचा आकडा एखाद्या कागदावर आहे का ते शोधावे. हमला, मंडपम, चितगाव, अक्याब अशी गावे कुठे लिहिलेली आहेत का तेही पाहावे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांविषयी विचारावे. आकडा आणि साधारण महिना एवढे हाती असेल तर ग्रीन लिस्टमध्ये ती नौका त्या महिन्यात कुठे होती हे काढता येते. तिथून तिने कोणत्या पथकाला नेले त्याची दैनंदिनी गाठता येते.